जावयाच्या हातचं वरण

"सुपडू, पाव्हन्याले सांग, दाय धुवून घे म्हना," आप्पा म्हणाले.

पाव्हणा म्हणजे मी. सुपडूकाकांच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो. समोर तीन दगडांची चूल, चुलीशेजारी एखादं पोर आत बसवून आंघोळ घालता येईल एवढं पातेलं, आणि परातीत तुरीच्या डाळीचा पिवळाधमक ढीग.

"आप्पा, पाव्हना अठीच बसेल हाये," काका म्हणाले. "त्याले ऐकू येतं."

"मी तुले सांगी राह्यलो."

काका माझ्याकडे वळले आणि चेहऱ्यावरची माशीही न हलवता म्हणाले, "पाव्हने, दाय धुवून घ्या."

"घेतो," मी म्हणालो.

"घेतो म्हने, आप्पा."

"मंग घे म्हना."

आप्पा विहिरीच्या काठावर बसून वांगी चिरत होते. त्यांनी मान वर केली नाही. सासऱ्याशी माझं हे पहिलं बोलणं, आणि तेही काकांच्या मार्फत.

मी मोरेश्वर तांडेल. अलिबागच्या बाजूचा, दर्याकाठचा कोळी. तेव्हा आमच्या मच्छीमार सोसायटीच्या बर्फाच्या कारखान्यात नोकरीला होतो. शैलजा बऱ्हाटे आमच्या गावच्या शाळेत बाई म्हणून आली ती थेट यावल तालुक्यातून, केळीच्या मुलखातून. रोज सकाळी कारखान्यावरून जायची, आणि मासळीच्या वासानं नाकाला पदर लावून जायची. तो पदर खाली यायला वर्ष लागलं. नंतर लग्न व्हायला मात्र फार वेळ लागला नाही.

माझ्या आयनं एवढंच विचारलं, "मासली खाते क?"

"नाही."

"मंग खाते तरी काय?"

"डाळ."

आयनं कपाळाला हात लावला. आमच्याकडे डाळ म्हणजे तापातलं जेवण. कुणाच्या घरात डाळ शिजली की शेजारीण दारात येऊन विचारते, "कोन आजारी परलंय?" शैला आमच्या घरात आली आणि तिनं स्वतःपुरतं रोज छोट्या पातेलीत वरण लावायला सुरुवात केली, तेव्हा आळीतल्या बायका पहिला महिनाभर तिच्या तब्येतीची चौकशी करत होत्या. मी त्या पातेलीत कधी बोटही बुडवलं नाही. ज्याला ना डोकं ना शेपूट, ते माणसानं खायचं कुठून, असं माझं सरळ मत होतं.

हे झालं आमच्याकडचं. तिकडे यावलला, लेकीनं रजिस्टर लग्न केल्याचं कळलं त्या दिवशी आप्पांनी पारावर, सगळ्या भावकीसमोर शब्द टाकला होता, "त्या पोराले मी माझ्या घरात, पाटावर बसवून, जेवाले वाढनार नाही." तोतारामआप्पा बऱ्हाट्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. कधीकाळी ते म्हणाले होते की सुपारी खाणार नाही, तर म्हणे मुलाच्या लग्नातही खाल्ली नव्हती.

दोन वर्षं आम्ही गेलो नाही. मग शैलाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आमच्याकडेही तीच आणि त्यांच्याकडेही तीच. आयनं सांगितलं, "मी हाय ना, मी करीन समदं." शैला "हो" म्हणायची आणि रात्री भिंतीकडे तोंड करून पडायची. एकदा मी तिला विचारलं तेव्हा ती लहान मुलीसारखी म्हणाली, "मला जिजी पाहिजे." जिजी म्हणजे तिची आई. सातवा लागला तसा जिजींनी कारखान्याच्या फोनवर शैलाला बोलावून घेऊन सांगितलं की दोघं या, सुपडूच्या घरी उतरा, आप्पा "नको" म्हणाले नाहीत.

"आणि 'या' म्हणाले का?" शैलानं विचारलं.

"'नको' म्हणाले नाहीत," जिजी पुन्हा म्हणाल्या.

एवढ्या भांडवलावर आम्ही निघालो. शैला राहणार की माझ्याबरोबर परत येणार, ते आप्पांच्या तोंडून निघायचं होतं. तिनं बॅगेत बाळाची दुपटी भरली होती, पण तळाशी, साड्यांच्या खाली. मला दिसू नयेत म्हणून.

सुपडूकाका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. आप्पा जेवढे गप्प तेवढे हे बोलके. रात्री त्यांच्याकडे भरीत आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी हाणून झोपलो. सकाळी काका चहा घेता घेता म्हणाले, "आज शेतात वरन-बट्टी हाये. सगयी भावकी येईन. आन् वरन तुम्ही करायचं, पाव्हने."

"मी?"

"आपल्या बऱ्हाट्यायची रीत हाये. पहिल्या खेपेला आलेल्या जावयानं शेतात वरन करायचं अन् सगयायले वाढायचं. आप्पांनी सांगून धाडलं."

शैलाच्या कपाळावर आठी आली. "काका, ही रीत मी कधी ऐकली नाही."

"तू पोरगी. पोरीयले कोनी सांगत नाही," काका म्हणाले आणि बशीत तोंड घातलं.

निघताना मी तिला ओसरीच्या कोपऱ्यात गाठलं. बायका जेवायच्या वेळेला मागून यायच्या होत्या. शेतातली वरण-बट्टी पुरुषांनी करायची, ही मात्र तिकडची खरीच पद्धत.

"शैला, वरण करतात कसं?"

"अहो, सोपं आहे," ती म्हणाली. माहेरच्या हद्दीत शिरल्यापासून मी 'अहो' झालो होतो. "डाळ शिजवायची, हळद, हिंग, मीठ, मग फोडणी. वरण काय, आपोआप होतं."

पाणी कसं प्यायचं हे कुणी कुणाला सांगतं का? तसं हे. जे जन्मापासून करत आले ते सांगायचं असतं हेच त्यांच्या लक्षात येत नाही. आणि मला वाटलं, मला स्वयंपाक येतोच. बाच्या होडीवर पोरगा असल्यापासून मी कालवण करत होतो. भर दर्यात, होडी डुलत असताना. तर जमिनीवर डाळ शिजवायला काय जातंय?

तर मी डाळ धुतली. एक पाणी, दोन पाणी, मग चुलीजवळची मिठाची पुडी उघडली आणि मूठभर मीठ टाकून डाळ खसाखसा चोळली. आमच्याकडे मासळी अशीच धुतात.

काका बघत होते. "हे काय करी राह्यले, पाव्हने?"

"वास जावा म्हणून."

"कशाचा?"

मी परातीला नाक लावलं. डाळीला डाळीचाच वास होता.

"बरं बरं," काका म्हणाले. "आता तिले गोड्या पान्यानं धुवा अन् चढवा. मी बट्ट्यायकळे पाहतो. अन् ही घ्या घोटनी." त्यांनी माझ्या हातात हातभर लांब लाकडी दांडा दिला, खाली फुलासारखा कातलेला. मी तो निरखून पाहिला. बाजूला वांग्यांचा ढीग होता. तिकडे भाजी घोटलेल्या वांग्यांची करतात हे शैलाकडून ऐकलं होतं. म्हणजे हा दांडा वांग्यांसाठी. मी तो अदबीनं वांग्यांच्या टोपलीत नेऊन ठेवला. आप्पांच्या हाताशी, अगदी व्यवस्थित.

आप्पांनी दांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचं वांगं उचललं.

शेत सुरेख होतं. तीन बाजूंना केळीची बाग, मधे विहीर, विहिरीजवळ कडुनिंब. हवेत थंडी होती. एका कडेला काका आणि भावकीतले दोघेतिघे गोवऱ्यांच्या आरात गव्हाच्या जाड पिठाचे गोळे भाजत होते, त्याच बट्ट्या. बाकीचे केळीची पानं कापून आणत होते आणि येता-जाता दर्याकाठच्या जावयाला बघून जात होते. मी पातेलं चढवलं, जाळ लावला, हळद-हिंग घातलं आणि नेटानं वरणाच्या राखणीला बसलो.

आता आमच्याकडचा एक नियम सांगायला हवा. कालवणात एकदा मासळी पडली की टोपात डाव घालायचा नाही. मासळी मोडते. टोप दोन्ही बाजूंनी फडक्यानं धरायचा आणि गोल हलवायचा, की कालवण आपोआप फिरतं. हे मी चालायला लागलो त्याच्या थोडंच नंतर शिकलो. होडीवर एकदा मी डाव घातला, तर बानं तो डाव सरळ समुद्रात भिरकावला होता. तेव्हापासून शिजत्या पातेल्यात डाव घालायचा म्हटलं की माझा हात आखडतो.

डाळीला उकळी आली. मी गोणपाटाचे दोन तुकडे घेतले, पातेल्याचे काठ धरले आणि गोल हलवलं. पातेलं जड, दगड वेडेवाकडे. फेस उसळून चुलीत सांडला, जाळ चर्र करून विझला. पुन्हा फुंकर घालून पेटवला. पुन्हा उकळी, पुन्हा गोणपाट. थंडीच्या दिवसांत माझ्या पाठीवरून घाम वाहत होता. पण डाळीचा एक दाणा मोडू दिला नाही, याचा मला अभिमान वाटत होता. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय राखलीय डाळ!

पाहणारे होतेच. केळीची पानं घेऊन जाणारा एक म्हातारा थांबला. "आप्पा, तुमचा जावई पातेलं काब्रं हलवी राह्यला?"

आप्पा वांग्याकडे बघत म्हणाले, "त्यायच्याकळे तशी रीत असंन."

मला ते ऐकून बरं वाटलं. सासऱ्यानं निदान रीत तरी मानली.

थोड्या वेळानं झाकण काढून पाहिलं. वर पिवळं पाणी नितळ, आणि पाण्याखाली डाळ. दाणा अन् दाणा वेगळा. मला वाटलं, झालंच. मासळी अशीच दिसायला हवी, अखंड.

मग वास आला. करपण्याचा वास ओळखायला कोळी असावं लागत नाही. आधी मला वाटलं बट्ट्यांचा असेल. काकांकडे पाहिलं तर काका माझ्याकडे बघत होते. त्यांच्या बाजूची माणसं माझ्याकडे बघत होती. पाणंदीकडून बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज आला, म्हणजे शैला आणि जिजीही पोचत होत्या.

खरं सांगतो, भर दर्यात वादळ लागलं तेव्हाही मी एवढा घाबरलो नव्हतो. वरणाचं मला काय पडलं होतं? मला दिसत होती शैलाच्या बॅगेच्या तळाशी घडी करून ठेवलेली दुपटी. जावयाला डाळही शिजवता येत नाही, आणि याच्या घरी आमची लेक! आप्पांना एवढं निमित्त पुरलं असतं. मग तीच बॅग घेऊन परत जायचं, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड.

मी धावत वांग्यांच्या टोपलीपाशी गेलो, तो लाकडी दांडा उचलला, आणि जन्मात पहिल्यांदा शिजत्या पातेल्यात काहीतरी खुपसायला हात वर केला.

"थांब! हात नको लावू!"

आवाज एवढा मोठा की कडुनिंबावरचे पक्षी उडाले. आप्पा विळी तशीच टाकून धावत येत होते. धोतराचा सोगा एका हातात, पायात चपला नाहीत. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"खालून घोटू नको रे बाबा! तयाले लागेल हाये ते वर येईन, मंग सगयं गेलं!"

मी तसाच उभा राहिलो. मनगट त्यांच्या हातात, दांडा हवेत. आप्पा थेट माझ्याशी बोलले होते. तेही 'अरे-तुरे'नं, घरच्या पोराशी बोलावं तसं. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं. काका पाठ फिरवून बट्ट्यांवर उगीचच राख लोटत होते.

आप्पांनी घसा खाकरला. आता माघार घ्यायची तर वरण जात होतं.

"डाव घातला होता का अगोदर?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. अजिबात नाही. एकदाही नाही."

"चमचा? पळी?"

"काही नाही."

आप्पांनी पातेल्यात वाकून पाहिलं. बोटावर थेंब घेऊन चाखला. मग त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी सैल झालं. "मंग वाचलं. वरचं चांगलं हाये. दुसरं पातेलं आना रे! तू तो काठ धर. हलवू नको आता, भो! नुसतं उचल."

एका बाजूनं आप्पा, दुसऱ्या बाजूनं मी. दोघांनी मिळून ते जड पातेलं उचललं आणि हळूहळू तिरपं केलं. पिवळी डाळ सळसळत दुसऱ्या पातेल्यात उतरली. जुन्याच्या तळाला काळी जाड खरपुडी चिकटून राहिली, ती हललीही नाही. कुणी ढवळलंच नव्हतं, तर ती वर येणार कशी? ज्या खोडीनं डाळ करपली, त्याच खोडीनं ती वाचली होती.

मग आप्पांनी घोटणी माझ्या हातात दिली, वरून स्वतःचा हात ठेवला आणि दाखवलं. "असं. दाबून. गरगर फिरव. दायीले मोडायचंच असतं. मोडल्याशिवाय ती वरन होत नाही."

मी घोटू लागलो. दाणे विरघळले, पाणी आणि डाळ एक झालं, दाट पिवळी साय धरल्यासारखं झालं. मला आतून कसंनुसं होत होतं. इतका वेळ ज्यांना जपलं त्यांचाच चेंदा करत होतो.

"ते पातेलं धरून काय करत होता इतका वेळ?" आप्पांनी हळूच विचारलं.

मी सांगितलं. मासळी, टोप, होडी, बानं समुद्रात भिरकावलेला डाव. सगळं. आप्पा ऐकत राहिले. त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. मग खांदे. मग ते चुलीपाशी मटकन खाली बसले आणि उपरण्यात तोंड घालून हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. काका पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

"सुपडू," आप्पा डोळे पुसत म्हणाले, "यानं... यानं दायीले मासयी समजून..." आणि पुन्हा हसले.

एव्हाना शैला आणि जिजी गाडीतून उतरून बांधावर उभ्या होत्या. वडील मातीत बसून हसताहेत, नवरा घामाघूम होऊन पातेलं घोटतोय, हे बघून शैलाला काहीच कळेना. ती आधी घाबरली आणि मग काही न कळताच हसायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मात्र हसण्याचं नव्हतं. जिजींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

लसूण-जिऱ्याची फोडणी दिली, तरी करपल्याचा थोडा वास मागे उरला होता. आप्पांनी आरातला एक लालबुंद निखारा वाटीत घेतला, वाटी वरणावर तरंगत ठेवली, निखाऱ्यावर तुपाची धार सोडली आणि पटकन झाकण लावलं. आत धुराचा लोट भरला.

पंगत बसली. मी वाढू लागलो. केळीच्या पानावर बट्टी कुस्करायची, त्यावर वरण, बाजूला घोटलेली वांग्याची भाजी. मघाचा तो म्हातारा घास घेऊन थांबला. "आज वरनाले धुराचा वास कसा काय?"

माझ्या हातातली पळी थांबली.

"धुनी देल्ली हाये," आप्पा म्हणाले. "जावयाच्या गावची रीत. समिंदराकळे असंच करता."

"भारी लागतं हो!"

"मंग! वाढ रे त्याले अजून," आप्पा मला म्हणाले. आमच्या समुद्राकडे अशी रीत आजवर कुणी ऐकलेली नाही. मी म्हाताऱ्याला दोन पळ्या जास्त वाढल्या.

सगळ्यांना वाढून झाल्यावर मी बसलो. पाट नव्हता, मातीवरच. जिजींनी पानावर बट्टी कुस्करली, वरण मीच घेतलं. पहिला घास घेतला आणि लगेच दुसरा. बट्टी बाहेरून खरपूस, आतून भुसभुशीत, वरण गरम, लसूण-जिऱ्याची फोडणी आणि तो धूर. दोन वर्षं हे माझ्या घरात रोज शिजत होतं, माझ्या नाकाखाली, आणि मी त्याच्याकडे तापातलं जेवण म्हणून पाहत होतो! मी शैलाकडे पाहिलं. ती डोळे मोठे करून माझी वाट बघत होती.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"तू मला हे आधी का सांगितलं नाहीस?" मी म्हणालो.

"रोज सांगत होते!"

पंगत हसली. मी खाली मान घालून खात सुटलो. तेवढ्यात पानावर सावली पडली. वर पाहिलं तर आप्पा. हातात तुपाची कासंडी. त्यांनी ती माझ्या पानावर वाकवली आणि धार धरली. धार थांबेना. बट्टीच्या टेकडीतून तूप ओघळून पानाच्या कडेला आलं.

पंगतीतल्या माना आमच्याकडे वळल्या. पारावर टाकलेला शब्द सगळ्यांना पाठ होता. शेवटी सुपडूकाकांनीच तोंड उघडलं. "आप्पा, तुम्ही त्याले वाढनार नव्हते ना?"

"जेवन," आप्पा म्हणाले. "जेवन वाढनार नाही म्हटलो होतो. घरात. पाटावर. हे काय घर हाये? याच्या बुडाखाली पाट हाये? अन् तुपाचं मी काही बोललो नव्हतो."

काका खो-खो हसत मागे कलंडले. मग मला म्हणाले, "पाव्हने, रीत-बीत काही नाही हो आपल्यात! जावयाले कोनी चुल्ह्यापाशी बसवतं का? आज पहाटे मले उठवून म्हने, सुपडू, माहा शब्द बी राहिला पाहिजे अन् पोरगा जेवला बी पाहिजे. रातभर डोळ्याले डोळा नव्हता त्यांच्या."

"तू गप," आप्पा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

इतक्या मानी माणसानं माझ्यासाठी रात्रभर जागून एक रीत शोधून काढली होती, आणि मी तिच्या तळाला डाळ लावून ठेवली होती.

आप्पा कासंडी घेऊन तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता, केळीच्या बागेकडे बघत त्यांनी विचारलं, "तुमच्याकळे बायंतिनीले काय देता खायाले?"

शैलाचा हात पानावर थांबला.

"मासळीचं कालवण," मी म्हणालो. "पापलेट. मुडदुशे."

"अठी ते भेटनार नाही. अठी वरन भेटंन." थोडं थांबून ते म्हणाले, "तुले चालत असंन, तर राहू दे तिले."

"चालेल," मी म्हणालो. "चालेल, आप्पा."

"अन् तू येत जा मधून मधून. घोटाले."

शैला उठायला गेली, पण पोटामुळे तिला पटकन उठता येईना. आप्पाच खाली बसले. तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. जिजी म्हणाल्या, "तूप सांडी राह्यलं, पहा जरा." खरंच सांडत होतं, कासंडी तिरपी झाली होती. कुणी ती सरळ केली नाही.

त्या दुपारी मी इतक्या बट्ट्या खाल्ल्या की संध्याकाळपर्यंत कडुनिंबाखालून उठलो नाही.

आमची ऊर्मिला तिथेच झाली. तिला चौथा महिना लागला तेव्हा आप्पा स्वतः तिला आणि शैलाला आमच्या गावी पोचवायला आले. समुद्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. "पानी लई हाये," एवढंच बोलले. आयनं आळीत सांगून ठेवलं होतं की आमच्याकडे डाळ शिजणार आहे, कुणी आजारी नाही, चौकशीला येऊ नका.

आप्पा ओटीवर बसले होते, नात मांडीवर. स्वयंपाकघर तिथून सरळ दिसत होतं. आयनं आयुष्यात पहिल्यांदा वरण चढवलं होतं. उकळी आली, तशी तिनं फडकी घेतली, टोपाचे दोन्ही काठ धरले आणि गोल हलवायला लागली.

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. फळीवर शैलाची घोटणी होती, मी उठून ती घ्यायला निघालो. आप्पांनी मला हाताला धरून बसवलं, ऊर्मिलाला माझ्या मांडीवर दिलं, आणि उपरणं कमरेला खोचत आत गेले.

"विहीनबाई," ते म्हणाले, "तो काठ मी धरतो."

आय लाजली, पण तिनं एक फडकं पुढे केलं. दोघांनी टोप धरला आणि सावकाश, गोल गोल, एकही दाणा मोडू न देता हलवत राहिले. जेवताना वर पाणी होतं आणि खाली डाळ. आप्पा आमच्या घरात, पाटावर बसून जेवले आणि त्यांनी वरण तीनदा मागून घेतलं.